अंथुर्ण्याची चितारीण

चितारीण उभ्याने चित्र काढायची, आणि तेही एका पायावर. डावा तळपाय उजव्या गुडघ्याला टेकवलेला, काखेत एक लांब काठी, आणि त्या काठीवर अंगाचा भार टाकून ती तासन्‌तास कापडासमोर उभी असे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, ही आता पडणार. ती कधीच पडली नाही. मी एकदा तिला स्टूल देऊ केलं, तर म्हणाली, "नगं काका. बसल्यावर माणसाला जवळचंच दिसतंय. आमच्या आबानं चाळीस वर्सं असं उभं राहून मेंढरं राखली. मला बी जरा लांबचं बघायचं असतंय."

शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव रखमा होतं. 'चितारीण' हे नाव तिला एस.टी.तल्या बायकांनी ठेवलं. अंथुर्ण्याहून इंदापूरला येणाऱ्या गाडीत ती बसली की तिची बोटं बघून बायका सरकून बसायच्या; नव्या लुगड्याला रंग लागेल ही भीती. "आली बया चितारीण," असं कुणीतरी हसत म्हणालं आणि ते नाव चिकटलं. तिला त्याचा राग नव्हता. उलट आपल्या चित्राच्या कोपऱ्यात ती सही म्हणून तेच लिहायची. राग होता तो तिच्या वडिलांना. त्यांच्यासमोर कुणी तिला तसं म्हटलं की ते मान फिरवायचे.

माझी तिची ओळख झाली ती हंसांमुळे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. इंदापुरात स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ होता, आणि स्टुडिओत तेव्हा सगळीकडे असायचा तसा पडदा होता: बर्फाचे डोंगर, निळं तळं, तळ्यात दोन हंस. एका पावसाळ्यात छत गळलं आणि दोन्ही हंसांच्या माना वाहून गेल्या. लग्नसराई तोंडावर आलेली. बारामतीचा नेहमीचा पेंटर दुकानांच्या पाट्यांत अडकला होता. शेवटी हायस्कूलमधले चित्रकलेचे सर म्हणाले, "अंथुर्ण्याची एक मुलगी आहे. माझ्याच हाताखाली शिकली. हात फार चांगला आहे. फक्त ऐकत नाही." त्यांच्या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही.

ती आली तेव्हा बावीस वर्षांची असेल. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत गेरू, काजळी, चुना आणि हळद भरलेल्या बाटल्या, हातात ती काठी. मी तिला मांजरपाटाचं नवं कापड दिलं, काय हवं ते समजावून सांगितलं: डोंगर, झाडं, पाणी, हंस. ती "हां, हां" म्हणत राहिली. मला मेव्हणीच्या लग्नाला माळेगावला जायचं होतं. तीन दिवसांनी परत आलो आणि पडदा बघून दारातच थांबलो.

कापडावर बाभळींचा माळ होता. वर मोठं, फिकट आभाळ. आणि डावीकडून उजवीकडे मेंढरं चालली होती. काळी, तपकिरी, मळकट पांढरी. त्यांच्या पुढे तीन घोड्या. एकीच्या पाठीवर भांडी, घोंगड्या आणि त्या सगळ्यांवर निवांत बसलेली एक कोंबडी. दुसरीच्या पाठीवर झोळीतली कोकरं, आणि त्या कोकरांमधूनच डोकं बाहेर काढून बघणारी सहा-सात वर्षांची मुलगी.

"हे काय केलंस?" मी ओरडलोच.

"पडदा."

"तुला डोंगर सांगितला होता."

"हाय की. त्यो मागं." खरंच मागे एक बुटकी टेकडी होती.

"आणि हंस?"

"हंस म्यां कवा बघितल्यालं न्हाय, काका. ही कोंबडी बघितलीय. लई गुणाची व्हती. घोडी चालताना बी अंडं द्यायची."

मी चिडलो, तरी तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "पुसायचं आसंल तर पुसते. कापड तुमचं हाय. पर हंस दुसऱ्याकडनं काढून घ्या."

तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली. ती माळेगावची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. कपबशा तशाच हातात धरून ती पडद्यासमोर उभी राहिली. "आमच्या मळ्यात दरसाल हे लोक मेंढरं बसवायचे," ती म्हणाली. "शेताला खत व्हायचं. आमचे वडील वाट बघायचे त्यांची. आम्ही पोरी कोकरं उचलून घ्यायला धावायचो." मग कपबशा टेबलावर ठेवून तिने पदर नीट केला. "माझा एक फोटो काढा ह्याच्यापुढं." फोटोग्राफरची बायको असून पंधरा वर्षांत तिने स्वतःहून फोटो मागितला नव्हता. मी निमूट काढला. तो फोटो पुढे स्टुडिओच्या काचेत लागला, आणि पडदा राहिला.

राहिला, पण सुखाने नाही. काही गिऱ्हाइकं हौसेनं त्याच्यापुढे उभी राहायची, काही भडकायची. एक नवरदेव म्हणाला, "आमी काय मेंढरामागचं वाटतो का तुमाला?" त्यांच्यासाठी मी एक निळी चादर खिळ्याला टांगून ठेवली. गंमत अशी, की सर्वांत जास्त चिडणारे तेच असत, ज्यांच्या घरात एका पिढीपूर्वीपर्यंत मेंढरं होती.

हे मला नीट कळलं ते तिचे वडील आले तेव्हा. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. घरचं थोडं बागायत होतं, शिवाय माळेगावच्या बाजूला ते उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. तहसीलच्या कसल्याशा कागदाला फोटो लागत होता म्हणून म्हाताऱ्या आबांना, म्हणजे स्वतःच्या वडिलांना, घेऊन आले होते; चितारीणही बरोबर होती. पडदा बघितल्यावर तात्यांचा चेहरा उतरला. "अण्णा," ते मला हळूच म्हणाले, "कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं इकली, त्याला पंधरा वर्सं झाली. कुठं आता लोकं आमाला बागायतदार म्हनाय लागल्यात. अन् ही पोरगी भर स्टँडवर आमचं जुनं टांगून ठिवती."

आबांचं मात्र आमच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ते कापडाला नाक लागेल इतके जवळ गेले होते.

"चुकलंय," ते म्हणाले.

चितारीण पुढे झाली. "काय चुकलं, आबा?"

"बिऱ्हाडाची घोडी अन् कळप एका वाटंनं कवा जातंय व्हय? बायका घोडी घिऊन सरळ वाटंनं जायच्या. कळप चरत चरत येगळा यायचा. तू घोडीवर झोपल्याली असशील, तुला काय ठावं!" मग त्यांनी एका मेंढीवर बोट ठेवलं. "अन् ह्यांच्या अंगावर खूण कुठाय? बिनखुणंची मेंढरं म्हंजी चोरीची. सगळा कळप चोरून आणलास काय?"

मी हसलो. चितारीण हसली नाही. तिने पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली आणि म्हणाली, "सांगा आबा. कुणाची खूण कशी व्हती?"

त्या दिवशी आबांचा फोटो काढायला दुपार झाली. मेंढरं एकमेकांच्या कळपात मिसळली तर ओळखू यावीत म्हणून प्रत्येक घराची लोकरीवर रंगाची एक खूण असे. कुणाचा खांद्यावर गेरूचा पट्टा, कुणाची शेपटीजवळ काजळीची दोन बोटं, कुणाचा कपाळावर हळदीचा टिळा. आबांना अकरा घरांच्या खुणा आठवत होत्या. बाकीच्या, ते म्हणाले, ज्याच्या त्याला विचाराव्या लागतील.

मग आमचे रविवार त्यातच जाऊ लागले. आबा, चितारीण, मी, कधी माझी बायको. कॅमेरा माझ्या गळ्यात, वही तिच्या हातात. जीप मिळेल तिथवर जीपने, पुढे चालत. इंदापूर आणि बारामतीच्या मधल्या वाड्यावस्त्यांवर म्हाताऱ्या माणसांना शोधत आम्ही हिंडायचो. मी म्हणायचो, मी फोटो काढायला येतो. खरं म्हणजे तिला विचारताना बघायला मी जात असे. ती माणसाला आधी त्याचं काही विचारत नसे. त्याच्या कोंबडीचं, गोठ्याचं, दारातल्या शेवग्याचं विचारी. मग हळूच म्हणे, "आबा, तुमच्या मेंढराला वळखायचं कसं?" आणि माणूस दहा वर्षांनी तरुण होऊन बोलू लागे.

सगळेच नाही. नीरेच्या काठी एक गृहस्थ होते, मुलांनी द्राक्षबाग केलेली, नवं स्लॅबचं घर. त्यांनी सरळ सांगितलं, "आमी कवा मेंढरं राखलीच न्हाईत. चुकीचा पत्ता दिला कुणीतरी." आबा काही बोलायला निघाले, पण चितारिणीने त्यांचा हात दाबला. आम्ही उठलो. पायरी उतरताना मागून बांगड्या वाजल्या. त्यांची म्हातारी बायको उंबऱ्यात उकिडवी बसली होती. तिने तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि नव्या गुळगुळीत फरशीवर अर्धा चंद्र आणि त्याच्या पोटात एक ठिपका काढला. फरशी तापलेली होती. ओल उडून जायच्या आत चितारिणीने ते वहीत उतरवून घेतलं. परतताना तिने दोनदा वही उघडून ती खूण पाहिली. मग म्हणाली, "काका, फोटू काढला न्हाय त्ये बरं केलंत."

ती एखाद्या गोष्टीपाशी अडकली की अडकायचीच. एकदा नरसिंहपूरला गेलो होतो. देवळात दर्शन घेऊन आम्ही खाली आलो तर चितारीणबाई घाटावर उभ्या. भीमा आणि नीरा तिथे मिळतात. पावसाळ्याचे दिवस, एका नदीचं पाणी गढूळ तांबडं, दुसरीचं हिरवट. दोन्ही रंग एकमेकांना लागून, पण न मिसळता, लांबवर चाललेले. पुजारी आले, जेवायची वेळ झाली, आबा घोंगडीवर आडवे होऊन एक झोप काढून उठले, तरी ती तिथेच. "सर आमाला रंग मिसळाय शिकवायचं," शेवटी ती म्हणाली. "हितं बघा. नदीला बी घाई न्हाय मिसळायची." त्यानंतर तिच्या चित्रांत गेरू आणि काजळी शेजारी शेजारी येऊ लागली, मधल्या कडेवर एक बारीकशी थरथर ठेवून. तिचं चित्र ओळखायची ती जागा. आजही मला ती शंभर चित्रांत सापडेल.

पावणेदोनशे खुणा गोळा झाल्या तेव्हा तिने त्या अंथुर्ण्याच्या घराच्या दर्शनी भिंतीवर काढल्या. महिनाभर काढत होती. गावातली माणसं येऊन बघून जायची. आणि नेमकं तेव्हाच तिला बघायला पाहुणे यायचं ठरलं. बागायतदार घर, मुलगा शिकलेला. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी तात्यांनी चुन्याची बादली घेतली आणि भिंत पांढरी करून टाकली. ती तेव्हा इंदापुरात होती. संध्याकाळी घरी गेली तेव्हा चुना वाळलाही नव्हता.

पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, पुढे काही जमलं नाही. दोन दिवसांनी चितारीण स्टुडिओत आली. मला वाटलं, रडेल, बोलेल. ती म्हणाली, "काका, मांजरपाटाचा ताका कुठं चांगला मिळंल?"

"अगं, पण घरी काय झालं? तात्या असं कसं—"

"भित घराची. घर तात्यांचं," ती म्हणाली. "त्यांच्यावर राग न्हाय माजा. त्ये लहानपणी शाळंत जायचं तवा पोरं नाक धरायची, म्हनायची ह्याच्या अंगाला मेंढरांचा वास येतो. त्यांनी मला कवा सांगितलं न्हाय. आबानं सांगितलं." मग म्हणाली, "भित न्हाय तर कापड. त्ये गुंडाळून न्हेता तरी येतंय."

चार महिने माझ्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत ते काम चाललं. वीस हात लांब कापड, त्याला चिंचोक्याची खळ, त्यावर काळ्या लोकरीच्या रंगाची जमीन, आणि घोंगडीच्या काठासारख्या पट्ट्या. पट्ट्यांत चौकटी, एकेका चौकटीत एकेक खूण. सगळं पूर्ण झालं तेव्हा अगदी मधली एक चौकट रिकामी होती. मी विचारलं तर म्हणाली, "ती आमची. आबांना म्हनलं, तुमी काढा. त्ये म्हनत्यात, मी कळप तात्याच्या हाती दिला तवाच खूण त्याची झाली. आता मला मारता येत न्हाय. अन् तात्यांना विचारायची माजी छाती न्हाय. मग ऱ्हाऊ दे मोकळी."

चित्रकलेच्या सरांनी धावपळ करून ते कापड लावायला बारामतीत एका शाळेचा हॉल मिळवला. पहिल्या दिवशी शिकलेली माणसं आली, "छान, वेगळं आहे" म्हणाली आणि गेली. चितारीण कोपऱ्यात उभी होती. "छान म्हन्त्यात, पर कुणी जवळ जाऊन बघत न्हाय," ती मला म्हणाली. दुसरा दिवस बाजाराचा होता. सकाळी एक-दोन पागोटेवाले डोकावले. तासाभरात हॉल भरला. बाजाराच्या पिशव्या दाराशी पडलेल्या आणि माणसं कापडावरून बोटं फिरवत आपली खूण शोधत होती. "ही माज्या चुलत्याची!" "आरं, ह्यो पट्टा आमचा, डाव्या खांद्यावरचा!" टेरिकॉटच्या शर्टातले, मोटरसायकलच्या किल्ल्या बोटात फिरवणारे तरुण आपल्या आजोबांना विचारत होते, "आपली कुठली वो?" दारापाशी खुर्चीवर आबा बसले होते, आणि लग्नघरातल्या यजमानासारखे सगळ्यांचे रामराम घेत होते.

दुपारी तात्या आले. कामावरूनच आलेले, अंगात खाकी, पायाला उसाच्या रानातला चिखल. त्यांना कुणी बोलावलं होतं की ते आपणहून आले, मला अजून माहीत नाही. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना ओळखलं. "काय तात्या, लेकीनं सगळ्यांच्या खुणा काढल्या. तुमची कुठाय?"

म्हातारा कापडापर्यंत गेला, मधल्या चौकटीवर बोट ठेवलं. "का हीच? ही मोकळी का?"

हॉलमधली माणसं वळून बघू लागली. चितारिणीने खाली बघितलं. आबा खुर्चीवरून उठले नाहीत, पण दोन्ही हात काठीवर ठेवून मुलाकडे बघत राहिले. तात्या बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत होते. मग गर्दी बाजूला झाली, तसे पुढे आले. सर मुलांना दाखवायला म्हणून रंगाच्या वाट्या मांडून बसले होते. तात्यांनी गेरूच्या वाटीत अंगठा बुडवला आणि चौकटीत दाबून वर ओढला. एकदा, आणि त्याच्या शेजारी पुन्हा एकदा. वर निमुळत्या होत गेलेल्या दोन तांबड्या रेघा.

मग अंगठा खाकी पँटीला पुसत लेकीला म्हणाले, "तू सगळ्या खुणा सरळ काढल्यास. खूण मारताना मेंढरू हलतंय. म्हून अंगठा दाबायचा अन् वर वढायचा. असा. शेंडा बारीक यायला पायजे."

"व्हय," चितारीण म्हणाली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "पुन्यांदा दाखवा की, तात्या." आणि तात्यांनी शेजारच्या कागदावर तिला पुन्हा करून दाखवलं. तिने तिथल्या तिथे पाच-सहा वेळा अंगठा ओढून बघितला. सहाव्याला तात्या म्हणाले, "हां. आता आली."

सरांचे एक जुने मित्र लांबच्या शहरात कला महाविद्यालयात शिकवत. त्यांनी ते कापड पाहिलं आणि तिला प्रवेशपरीक्षेला बसवलं. ती पास झाली. जाण्याच्या दिवशी बारामतीच्या स्टँडवर आम्ही सगळे होतो. तिची ट्रंक तात्यांनी डोक्यावरून आणली होती, मला हात लावू दिला नाही. गाडीतल्या कुणीतरी विचारलं, "पाहुणं, लेक सासरी चालली का?" तात्या मोठ्याने म्हणाले, "न्हाय, न्हाय. शिकाया चालली. चितारीण हाय ती."

गाडी सुटायच्या आधी तिने खिडकीतून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, "काका, तुमी मानसांना पडद्यापुढं आणून उभं करता. एकदा त्यांच्या जागंला जाऊन त्यांचा फोटू काढा की."

ते माझ्या मनात घोळत राहिलं. धंदा सोडून कुठे जाणार, असं म्हणत मी वर्षभर टाळलं. एका सकाळी मात्र दुकान उघडायच्या आधी कॅमेरा घेऊन गावाबाहेर पडलो. रस्त्याकडेच्या रानात एक बाई वांगी तोडत होत्या. विचारलं, फोटो काढू का? त्या म्हणाल्या, "ह्या अवतारात?" मी म्हटलं, "ह्याच." त्या वांग्याच्या झाडांत कमरेएवढ्या बुडालेल्या, हातात पाटी, नजर थेट माझ्यावर. इतक्या वर्षांत माझ्या कॅमेऱ्याकडे असं सरळ कुणी बघितलं नव्हतं. फोटो धुतला आणि एक प्रत चितारिणीला पाठवली. मनात होतं, शाबासकी येईल.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अक्षर तेच, ठसठशीत. "काका, फोटो मिळाला. वांग्याच्या पानांवरचा उजेड बरोबर आला आहे. पाटी अर्धी कापली गेली, पुढच्या वेळी मागं सरका. बाईंचं नाव काय? लिहिलं नाहीत."

मी नाव विचारलंच नव्हतं. कार्ड खिशात घातलं, सायकल काढली आणि त्या रानात गेलो. बाई तिथेच होत्या, त्याच सरीत. मला बघून त्यांना वाटलं, फोटोत काही बिघडलं. मी म्हटलं, "फोटो चांगला आलाय. तुमचं नाव विचारायचं राहिलं होतं."

त्यांनी पाटी खाली ठेवली, हात पुसले आणि सांगितलं. त्यांचं नाव भागीरथी.